खाजणातली भिंत

आम्हा कोकणातल्या माणसांची एक समजूत फार जुनी आहे. सातबारावर नाव आपले, म्हणजे जमिनीचे काय करायचे तेही आपणच ठरवायचे. कुवेतला तीस वर्षे काढून परतलेल्या आमच्या भाईजानांचीही तीच समजूत. जून 2020मध्ये निसर्ग वादळाने सावित्रीकाठच्या आमच्या घराची कौले उडवली, मागचा गडगाही पडला. भाईजान म्हणाले, "आता खाजणापर्यंत भराव टाकू आणि पक्की भिंतच घालू." मुरुमवाल्याशी बोलणीही झाली होती. आम्ही म्हटले, आधी विचारून तरी येऊ.

हे खाजण म्हणजे आजोबांचे भातशेत. खाडीकडे बांध, बांधाला उघाडी. भरतीला झडप आपोआप मिटायची, ओहोटीला शेतातले पाणी बाहेर पडायचे. दर उन्हाळ्यात सगळे हिस्सेदार चिखल उपसून बांध भरायचे. पुढे घरटी एकेक माणूस आखातात गेला. ड्राफ्ट येत राहिले, बांधावर उभे राहणारे हात आले नाहीत. एका पावसाळ्यात खांड पडली, ती कोणी बुजवली नाही. खारे पाणी आत खेळू लागले आणि त्याच्यामागून तिवरे आली. आज तिथे बगळे बसतात.

गावात एकाने छातीठोकपणे सांगितले, पाणथळ जागांच्या 2017च्या नियमांतून भातशेते वगळली आहेत. खरेच आहे ते, पण अर्धे. त्याच नियमांतून किनारा नियमन क्षेत्रही वगळले आहे, कारण त्याला कायदा निराळा. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर खाडीकाठालाही तो लागू होतो. ऐन कोरड्या दिवसांत पाण्यात हजारी पाच भाग क्षार सापडला, की ती हद्द धरतात. काठापासूनचा पट्टा 2011च्या अधिसूचनेत 100 मीटर होता, 2019च्या अधिसूचनेत 50. खाडी त्याहून अरुंद असेल तर तिच्या रुंदीइतका. सातबारावर यातले काही दिसत नाही. त्यासाठी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा काढून आपला सर्व्हे नंबर त्यावर शोधावा लागतो.

आणि तिवरांचे तर वेगळेच. मुंबई उच्च न्यायालयाने 2005मध्ये आणि पुढे 2018च्या अंतिम निकालात कांदळवन तोडायला, त्यावर भराव टाकायला मनाई केली. त्याभोवती 50 मीटरपर्यंत बांधकाम नाही, मग जमीन सरकारी असो की खाजगी.

भाईजान भडकले. "आजोबांनी घाम गाळला त्या जमिनीत, आणि मालक झाली तिवरे?" त्यांचा राग खोटा नव्हता. मोठ्यांचे भराव रातोरात पडतात, हे आम्हीही पाहतो. पण पंचनाम्याला येणारा माणूस आधी आपल्यासारख्याच्याच दारात येतो. शिवाय भरतीचे पाणी पसरायला खाजण उरले नाही, तर ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे वळेल. तिचे गोडे पाणी आम्हीही पितो.

मुरुमवाल्याला नको म्हणून कळवले. कौले बसली. भिंतीचा पैसा बँकेत आहे. खाजणाची वाटणी मात्र अजून व्हायची आहे, बहिणींचा हिस्साही द्यायचा आहे. तिवरांचा तुकडा बहिणींच्या नावे टाकून मोकळे व्हावे, असे परवा एका चुलत्यांनी सुचवले. भाईजानांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, आणि चहा सोडून ते उठले.