तिसऱ्या कॉइलचा दिवा

गॅरेजमध्ये ‘ईसीएम गेलंय’ हे वाक्य नेहमी शेवटी येतं. प्लग बदलून झालेले असतात, कॉइल बदलून झालेली असते, एखादा सेन्सर काढून, पुसून परत बसवलेला असतो आणि गाडी तरीही लंगडत असते. मग कुणीतरी हात पुसत पुसत म्हणतं, आता ईसीएमच. डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणतात ना, त्यातलंच हे. फरक एवढाच की व्हायरल चार दिवसांत उतरतं आणि ईसीएमचं कोटेशन साठ हजारांच्या घरात येतं.

हे कोटेशन माझ्या दाजींच्या हातात पडलं होतं. त्यांची पिवळ्या पाटीची गाडी गारगोटीहून कोल्हापूरला फिरते. सीपीआरला न्यायचे पेशंट, लग्नाची गिऱ्हाइकं, कधी पहाटेचं रेल्वे स्टेशन. गाडी उभी तर घर आडवं. हप्ता ५ तारखेला, वॉरंटी संपलेली आणि गाडी आठवडाभर जागची हललेली नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. त्यामुळे ताईचा फोन आला, “तुझं कॉम्प्युटरचंच हाय न्हवं? मग ये की बघायला.”

गाडीतला हा कॉम्प्युटर म्हणजे चपटी अ‍ॅल्युमिनियमची डबी. क्रँकशाफ्ट कुठे आहे, हवा किती आत आली, कूलंट किती तापलं, हे सेन्सरकडून विचारायचं आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं नि ठिणगी कधी पाडायची ते ठरवायचं, हे तिचं मुख्य काम. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला पळत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या. त्यातली प्रत्येक वेळेवर.

दाजींच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी पडत नव्हती. स्कॅनरवर दोन कोड येत होते. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर आणि पी ०३५३ म्हणजे तिसऱ्या कॉइलच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्व्हिस सेंटरनं नवी कॉइल घातली, फरक नाही. तिसरीची कॉइल दुसरीवर नेली, तरी मिसफायर तिसरीवरच. तेव्हा ईसीएम, असा त्यांनी निकाल दिला. मला तो तर्क वाईट वाटला नाही. दाजींना मात्र साठ हजार घालण्याआधी दुसरं मत हवं होतं, म्हणून आम्ही गाडी टो करून शिवाजी उद्यमनगरात आणली.

तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे. कार्बोरेटरच्या जमान्यात सुरुवात केलेले आणि आता नाकावर चष्मा ठेवून सर्किट डायग्राम वाचणारे. मी मोबाइलवर कोडचा फोटो दाखवला, तर तिकडे नीट बघितलंही नाही त्यांनी. “कोड म्हंजे तक्रार हाय. निकाल न्हवं.”

आमच्या ऑफिसात हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

सगळ्यात आधी त्यांनी ईसीएमला जेवण मिळतंय का ते पाहिलं. स्टार्टर फिरत असताना त्याच्या पॉझिटिव्हवर पुरेसे व्होल्ट येतात का? बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थपर्यंत मीटर लावला, तर फरक ०.१ व्होल्टच्या आत आहे का? हे गंजलेल्या अर्थचं दुखणं फार फसवं असतं. डबी ठणठणीत असते, पण पायाखालची जमीन पक्की नसल्यामुळे ती वेड्यासारखं वागते. आणि वायर नुसती जागेवर दिसून भागत नाही, करंट वाहत असतानाच तिची परीक्षा होते. इथे दोन्ही रीडिंग चोख आली.

मग टेस्ट लॅम्प. या गाडीची कॉइल दोन वायरींची. एका वायरीवर चावी फिरवली की १२ व्होल्ट येतात. दुसरी ईसीएमकडे जाते. ईसीएम ती वायर काही मिलिसेकंद अर्थला जोडतो आणि सोडतो. सोडतो त्या क्षणी ठिणगी पडते. ही जोड-सोड करायला डबीत प्रत्येक कॉइलसाठी वेगळा ट्रान्झिस्टर असतो. मिस्त्रींनी एलईडीच्या टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावला आणि टोक एकेका कॉइलच्या त्या दुसऱ्या वायरीला. पहिली, दिवा लुकलुकला. दुसरी, लुकलुकला. चौथी, लुकलुकला. तिसरी, अंधार.

मला वाटलं, झालं. पण वायर मधेच तुटली असली तरी असाच अंधार होणार. म्हणून त्यांनी सीटखालून वाकून ईसीएमच्या कनेक्टरचीच पिन गाठली. तिथेही अंधार. आता मात्र सुटका नव्हती. अर्थ चांगला, सप्लाय चांगला, आणि डबीच्या दारातच सिग्नल नाही. तिसऱ्या कॉइलचा ट्रान्झिस्टर मेलेला.

संध्याकाळी ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हंजे ते सर्व्हिस सेंटरवाले बरोबरच म्हणत हुते की. मग दोन दिवस कशापायी घालवलासा?”

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे त्या रात्री त्याचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं, कारण मिस्त्री तिथे थांबले नव्हते. चांगला चालणारा ट्रान्झिस्टर उगाच कशाला मरेल, हा त्यांचा पुढचा प्रश्न. ईसीएम काढून बाजूला, कॉइल काढून बाजूला, आणि तिसऱ्या कॉइलच्या दोन वायरींमध्ये मीटर. मीटर गप्प. गप्पच असायला हवा. मग त्यांनी इंजिनाच्या मागच्या बाजूने जाणारी वायरिंगची जुडी एका हातानं दाबत दाबत न्यायला सुरुवात केली. एका ठिकाणी मीटर बीप वाजला. सोडली, गप्प. दाबली, बीप.

टेप सोलली तेव्हा आत दातांच्या खुणा होत्या. दाजींचं घर उसाला लागून. तोड झाली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात आणि रात्री बॉनेटखाली ऊब असते. त्यांनी त्या दोन शेजारच्या वायरींचं कव्हर कुरतडलं होतं. इंजिन हादरलं की उघडी तांब्याची तार एकमेकींना टेकायची. मग मधली कॉइल राहिली बाजूला, आणि ट्रान्झिस्टर थेट १२ व्होल्टला अर्थशी जोडू बघायचा. एखाद दिवस निभावलं असेल, मग जळला.

साठ हजारांचा नवा ईसीएम त्याच वायरींना जोडला असता, तर तोही जळाला असता. तेही असंच एखाद्या पेशंटला घेऊन जाताना. मी हे ताईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मांजर आणते.”

डबी तर बदलायचीच होती. मिस्त्रींनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानातून अपघातात गेलेल्या गाडीतली, तंतोतंत त्याच पार्ट नंबरची डबी मागवली. नऊ हजार. नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं असलं, तरी ती घेत नाहीत, आतला प्रोग्रॅम वेगळा असू शकतो. वायरी दुरुस्त करून डबी लावली, चावी फिरवली, इंजिन दोन सेकंद सुंदर चाललं आणि बंद पडलं. चावीच्या खुणेचा दिवा डॅशबोर्डवर मिचमिचत राहिला.

याला इमोबिलायझर म्हणतात. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये एक चिप असते, तिची ओळख डबीला पटली तरच इंजिन चालू राहतं. ही डबी दुसऱ्याच कुणाच्या तरी चावीची वाट बघत होती. मिस्त्रींनी हे काम हातात घेण्याआधी दाजींकडून आरसी मागून घेतली होती, आधार कार्डाशी ताडून पाहिली होती. दाजींना राग आला होता, पण मला पटलं. कारण पुढे त्यांनी जे केलं, ते चोरालाही उपयोगाचं आहे. दोन्ही डब्या गरम हवेनं सील सोडवून उघडल्या, जुन्या बोर्डवरच्या आठ पायांच्या मेमरी चिपमधला डेटा लॅपटॉपवर घेतला आणि नव्या बोर्डच्या चिपमध्ये लिहिला. मेलेल्या डबीची स्मरणशक्ती शाबूत होती, म्हणून हे जमलं.

कंपनीच्या बाहेरच्या माणसाला ही माहिती मिळावी की नाही, हे भांडण जुनं आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा त्यात मुख्य ठपका होता. पुढे अपिलं झाली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. मिस्त्रींच्या टेबलावरचे सर्किट डायग्राम मात्र अजूनही झेरॉक्सची झेरॉक्स आहेत, काही ठिकाणी पिनचे आकडे पेनानं गिरवलेले.

चिप लिहून झाल्यावर चावीचा दिवा एकदा लागला आणि विझला. गाडी चालू राहिली. सगळं मिळून सोळा हजारांच्या थोडं वर गेलं. ४ तारखेला दाजींनी गारगोटीचं भाडं घेतलं. आता रात्री ते बॉनेट उघडं ठेवतात आणि आत एक छोटा बल्ब टांगतात. उजेडात उंदीर येत नाहीत म्हणे. मांजर गाडीच्या टपावर झोपतं.