वाटणीत न बसलेला ट्रॅक्टर

आमच्या शिवारात दोघा भावांची वाटणी झाली. विहीर पाळीवर गेली, बागेत बांध पडला, गोठ्याचे पत्रेसुद्धा मोजून निम्मे-निम्मे झाले. ट्रॅक्टर तेवढा उरला. तो दोघांनाही हवा होता, त्याहून जास्त तो दुसऱ्याला मिळू द्यायचा नव्हता. मग तो सामाईक जागेतल्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला आणि पाच-सहा पावसाळे तिथंच राहिला. मी विकत मागितला तेव्हा दोघांनी आपापले पैसे वेगवेगळे मोजून घेतले. आरसी अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. म्हणजे आधी वारसाचा फॉर्म ३१, मग विक्रीचे २९ आणि ३०. "त्याची सही होऊ द्या, मग माझी घ्या," हे एकच वाक्य मला दोन्ही घरांत चहासोबत मिळालं. सह्या झाल्या यथावकाश, तो वेगळाच तमाशा. इथं सांगायचं आहे ते ट्रॅक्टरचं.

ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती. साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला याची ओळख करून द्यायला नको. वेलींच्या दोन ओळींत आठ-नऊ फूट जागा, त्यात वरून लोंबणाऱ्या काड्या आणि घड. मोठा ट्रॅक्टर तिथं घातला तर औषध कमी आणि नुकसानच जास्त. हा जेमतेम चार फुटांचा, बुटका. मांडवाखालून डोकं न आपटता निघतो. पण बागेतल्या ट्रॅक्टरला एक शाप असतो, तो म्हणजे फवारणीचा. मोरचूद, चुना, गंधक यांचे थर वर्षानुवर्षं अंगावर बसतात. या गड्याचे मागचे फेंडर निळसर-हिरव्या पापुद्र्यानं माखलेले होते. बोट घासलं की पापुद्रा सुटायचा आणि त्याखाली पत्रा नव्हताच, नुसता गंज. एक बोल्ट मी पान्यानं हलवायला गेलो तर त्याचं डोकं पान्यासकट हातात आलं.

लोक म्हणतात, फार राबवला म्हणून ट्रॅक्टर संपला. मला हे पटत नाही. राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या अंगात तेल फिरत असतं, उष्णतेनं दमटपणा उडून जातो, सील ओलं राहतं. उभा राहिलेला मात्र आतून सडतो, आणि वरून कळतही नाही.

इंजिनाचं फार सांगत नाही, कारण ते त्या मानानं सोपं गेलं. फ्लायव्हील हलत नव्हतं. नोझल काढून तिन्ही सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं, अधूनमधून थोडं मागे-पुढे करत राहिलो आणि एके दिवशी ते सुटलं. डिझेलच्या टाकीत तळाला काळी जेली झालेली. टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवे टाकले, एअर काढली. एअरक्लीनरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि जाता जाता वायरिंगही कुरतडून ठेवलं होतं. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. गिअरमध्ये टाकून, पेडल दाबून धरून, दोन-तीन हिसके दिले तेव्हा सुटली. सेल्फ मारल्यावर आधी पांढरा धूर, मग काळा आणि मग तो ओळखीचा टकटकाट. आजूबाजूची पोरं टाळ्या पिटायला लागली. मी पिटल्या नाहीत, कारण मला धास्ती हायड्रोलिकची होती.

बागेत हायड्रोलिक नसेल तर ट्रॅक्टर निम्मा मेलेलाच. रोटर असो, सारायंत्र असो, ओळ संपली की अवजार उचलायचं आणि वळायचं. मागे टाकी लटकवून फवारायचं तरी दोनशे लिटर औषध, टाकी, पंप मिळून तीनशे किलोच्या आसपास वजन अवजार उचलणाऱ्या मागच्या दोन हातांवर येतं. अवजार ट्रॅक्टरलाच लटकवून उचलणाऱ्या या तीन दांड्यांच्या जोडणीचं श्रेय उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनचं. १९३६च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर ती बाजारात आली आणि १९३९च्या फोर्डच्या ९एनवर जगभर पोहोचली. त्याआधी नांगर मागून नुसता ओढला जायचा. फाळ दगडाला अडला तर ट्रॅक्टर मागं उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. आज आमच्या वाड्यावरचं पोर एका बोटानं लिव्हर ओढतं आणि अवजार वर येतं, इतकं ते अंगवळणी पडलंय.

इंजिन चालू करण्याआधीच मी मागच्या पेटीचा ड्रेन बोल्ट सैल केला होता. या ट्रॅक्टरात गिअरबॉक्सचं आणि हायड्रोलिकचं तेल एकच. बोल्ट ढिला होताच आधी आलं ते पाणी. नितळ, तांब्याभराहून जास्त. इतकी वर्षं न हलल्यामुळे पाणी तळाला आणि तेल वर, असे दोघंही शांतपणे वेगळे राहत होते. मग काळंकुट्ट तेल निघालं, शेवटी चिखल. पाणी आलं कुठून, तर गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेलं रबरी बूट फाटलेलं होतं. प्रत्येक पावसात लिव्हरवरून ओघळ थेट पेटीत. दुसरीकडे, पेटीला श्वास घ्यायला जो ब्रीदर असतो त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. पाणी आत शिरायला वाट होती, वाफ बाहेर जायला नव्हती. गाळणी काढली तर जाळी दिसेचना, शेवाळासारखा थर. ती डिझेलमध्ये ब्रशनं धुतली, नवं तेल भरलं, थोडं चालवलं. ते दुधाळ झालं, कारण कानाकोपऱ्यातलं पाणी अजून होतंच. ते काढून परत नवं भरलं. काहीजण अशा वेळी पेटीत डिझेल ओतून चालवतात. मी ते केलं नाही. पंपाच्या दात्यांना तेलाचाच आधार असतो, पातळ डिझेलवर ते एकमेकांना खातात.

आता हायड्रोलिकची लिव्हर ओढली. मोकळे हात सर्रकन वर. रोटर जोडला आणि ओढली, तर अर्ध्यापर्यंत आला आणि तिथंच हातपाय गाळले. इंजिन गरम झाल्यावर तर अर्धाही येईना.

"पंप गेला," एका मेकॅनिकनं सीटवरून न उतरताच निदान केलं. आणखी दोघांनी तेच सांगितलं. आमच्याकडे हायड्रोलिकचं काहीही दुखलं की पंपच जातो. नवा पंप महाग आणि बदलायला सोपा, ही दोन्ही कारणं मिळून हे निदान एवढं लोकप्रिय झालं असावं.

ओझरला माझ्या चुलत सासऱ्यांचे एक स्नेही राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. एचएएलमधून निवृत्त झालेले. उभी हयात विमानांच्या हायड्रोलिकवर गेली. त्यांना विचारलं तर म्हणाले, "विमानाचं तेल वेगळं, दाब वेगळा. पास्कलचा नियम मात्र तोच. येतो." आले ते स्वतःचा प्रेशर गेज आणि एक धुवट पांढरं धोतर घेऊन. धोतर कशाला, हे मला नंतर कळलं. काढलेला एकेक भाग त्यावर क्रमानं मांडायचा, आणि डाग पडला तर तो डाग कसला आहे ते आधी बघायचं. मातीचा, गंजाचा की धातूच्या चुऱ्याचा.

पहिला प्रश्न त्यांनी मलाच विचारला. "ट्रॅक्टर उभा होता तेव्हा मागचे हात वर होते की खाली?"

"खाली. अवजार जमिनीवर टेकलेलं."

"हं," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

त्यांची रीत अशी की एकेक संशयित बाद करत जायचं. गाळणी तुंबलेली असती किंवा सक्शनला हवा धरली असती तर पंप केकाटला असता. तो केकाटत नव्हता. मग पंपाच्या डिलिव्हरी लाइनला गेज लावला, सिलिंडरकडे जाणारी वाट बंद केली आणि इंजिन हळू फिरतं ठेवून दाब चढू दिला. "रिलीफ व्हॉल्व्ह पंप आणि या बंद वाटेच्या मधे आहे, याची खात्री असेल तरच हे करायचं. नाहीतर काहीतरी फुटेल आणि ते आपल्या तोंडावर फुटेल," हे त्यांनी मला, गड्याला आणि बघायला जमलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. काटा १३०च्या घरात गेला आणि रिलीफ व्हॉल्व्ह फुसफुसला. तेल गरम झाल्यावर पुन्हा बघितलं. काटा थोडा उतरला, फारसा नाही. पंप निर्दोष सुटला.

वाट मोकळी करून रोटर उचलायला लावला. हात अर्ध्यावर येईपर्यंत काटा नीट चढलेला, आणि नेमका तिथं तो मागे यायला लागला. काकांनी सीटखालच्या झाकणाकडे बोट केलं. "इथं."

सीट, फेंडर, झाकण असं सगळं उतरवून सिलिंडर धोतरावर आला. पिस्टन बाहेर काढला. त्याच्या खाचेतली ओ-रिंग कडक पडून एका बाजूनं चावल्यासारखी तुटलेली. तिच्याशेजारी बसणारी टेफ्लॉनची बॅकअप रिंग कुणीतरी पूर्वीच्या दुरुस्तीत उलट्या बाजूला बसवली होती. ती दाबाच्या विरुद्ध बाजूला हवी, म्हणजे दाबानं ओ-रिंग फटीत घुसू पाहते तेव्हा ती आडवी येते. पण खरा प्रकार सिलिंडरच्या आतच होता. काकांनी टॉर्च मारली आणि मला बघायला लावलं. बंद टोकाकडचा, साधारण अर्ध्या स्ट्रोकपर्यंतचा भाग आरशासारखा होता, त्यापुढे देवीचे व्रण असावेत तसे खड्डे.

हात खाली असताना पिस्टन बंद टोकाशी असतो. त्याच्या पुढचा सिलिंडर पेटीच्या हवेला उघडा. त्या हवेत वाफ कोंडलेली, ब्रीदर माशीनं लिंपलेला. पिस्टनच्या जवळचा भाग तेलाच्या ओलाव्यात वाचला, बाकीच्याला गंजानं खाल्लं. ओ-रिंग गुळगुळीत भागात होती तोवर दाब धरायची, खड्ड्यांवर गेली की तेल बाजूनं निसटायचं. मोकळ्या हातांना दाब फार लागत नाही, म्हणून ते पूर्ण वर जायचे. गरम तेल पातळ, ते आणखी लवकर निसटायचं. सगळी लक्षणं एकाच जागी येऊन बसली. नवा पंप आणून बसवला असता तर पैसे गेले असते आणि रोटर अर्ध्यावरच राहिला असता.

होनिंग करून खड्डे जातील का, हे अंबडच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरला दाखवलं. त्यानं नखानं चाचपून मान हलवली. खड्डे खोल होते. होनिंगनं ते घालवायचे तर सिलिंडर इतका मोठा झाला असता की मूळ पिस्टन त्यात खुळखुळला असता. मग सिलिंडर बोअर करून आत लायनर ठोकला आणि तो होन करून मूळ मापावर आणला. ओ-रिंग घेताना काका माझ्याबरोबर दुकानात आले. साधं रबर या तेलात फुगतं, नायट्राइलचीच हवी, हे दुकानदाराला त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की शेवटी त्यानं सगळा डबाच आमच्यापुढे सरकवला.

जोडणी करताना काकांनी एक हिशेब मांडला, तो मला आवडला. पासष्ट मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १३० किलो दाब. म्हणजे पिस्टन ढकलतो तो सव्वाचार टनांहून जास्त जोरानं. आतला दांडा आखूड आणि बाहेरचे हात लांब, म्हणून टोकाला पोहोचेपर्यंत त्याचे काही शे किलो उरतात. "एवढा जोर त्या रबराच्या कड्यावर आहे," म्हणत त्यांनी ओ-रिंगला तेल लावलं आणि ती दोन्ही हातांनी, पीळ पडू न देता, खाचेत बसवली. मी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला होता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि लांब ठेवला.

पहिल्या उचलीत रोटर पूर्ण वर गेला, पण वर गेल्यावर थोड्या थोड्या वेळानं उचकी देत होता. हात किंचित खाली येतात, फीडबॅकचा दांडा व्हॉल्व्हला सांगतो, पंप परत वर ढकलतो. तो दोष चेक व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेल्या कणाचा निघाला, साफ केल्यावर गेला. मग रोटर वर धरून इंजिन बंद केलं, भिंतीवर त्याच्या खालच्या कडेशी खडूची रेघ मारली. अंगणातल्या पोरांना त्याखाली जाऊ नका म्हणून दटावलं आणि खाली लाकडी ठोकळेही रचले, कारण हायड्रोलिकच्या भरवशावर वजनाखाली कुणी जाऊ नये. सकाळी रोटर रेघेच्या दोन बोटं खाली होता. काका फोनवर म्हणाले, "चालेल. नव्यालाही इतकं सुटतं."

गोडी छाटणीनंतर पोंगा अवस्थेत पाऊस आला. डाऊनीच्या भीतीनं सगळं शिवार रात्री-बेरात्री फवारत होतं. शक्ती टाकी लटकवून त्या चिखलात फिरली, प्रत्येक ओळीच्या शेवटी टाकी उचलून वळली. पन्नासेक तास चालल्यावर तेल काढून गाळणी धोतरावर झटकली. लायनरच्या कामातले असावेत असे चमकते बारीक कण होते, थोडेच. त्यानंतरच्या खेपेला तेही नव्हते. कंट्रोल लिव्हरच्या शाफ्टमधून अजून तेल झिरपतं. त्याचं सील आणून ठेवलंय, पण ते बदलायचं तर सीट आणि फेंडर परत उतरवावे लागतील. खरड छाटणी उरकेपर्यंत खाली डबा ठेवायचा असं ठरवलंय, आणि डबा भरला की पातळी बघून तेवढंच नवं तेल टाकतो.