रुसण्याचा हक्क

माणसाच्या हक्कांची लांबलचक यादी कायदेपंडितांनीं करून ठेवली आहे. तींत एका हक्काचा समावेश केलेला मात्र माझ्या पाहण्यांत नाहीं. तो हक्क म्हणजे रुसण्याचा. वरवर पाहतां रुसणें ही पोरकट गोष्ट वाटते. परंतु थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, रुसणें हें एकट्यानें करण्याचें काम नव्हे. रागावतां कोणावरही येतें. रिक्षावाल्यावर, सरकारवर, फार काय, अवेळीं येणाऱ्या पावसावरही येतें. रुसतां मात्र येतें तें आपल्या माणसावरच. रुसून कोपऱ्यांत जाऊन बसलेल्या मुलाचे कान स्वयंपाकघराकडे लागलेले असतात. आपल्याला शोधीत कोणीतरी येईल, 'पुरे झालं आता, ऊठ' असें म्हणेल, ही त्याची मनोमन खात्री असते. कैकेयी कोपभवनांत गेली तीदेखील दशरथ तेथें आल्यावांचून राहणार नाहीं हें पक्कें ठाऊक असल्यामुळेंच! समजूत घालणारें माणूस घरांत आहे, या भरंवशाचेंच दुसरें नांव रुसवा.

हा हक्क आपल्यालाही आहे हें आमच्या मुलीला उमगावयास चार वर्षें लागलीं. सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं मूल दत्तक घेण्याची चाल वाढते आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दत्तकविधानानंतरच्या कांहीं वर्षांत घरोघर काय घडतें याविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. म्हणून ही घरगुती हकीकत थोडी उघड्यावर मांडण्याचें धाडस करीत आहें.

ती आमच्या घरीं आली २०१५ सालीं. तेव्हां ती पावणेचार वर्षांची होती. त्यापूर्वीं तिचें वास्तव्य तीन ठिकाणीं झालें होतें: आधीं एक इस्पितळ, मग एक शिशुगृह, मग दुसरें शिशुगृह. तिच्या कागदपत्रांत एक वाक्य होतें: 'मुलगी शांत व शहाणी आहे, कोणालाही त्रास देत नाहीं.' हें वाक्य वाचून कोणत्या आईबापांना धन्यता वाटणार नाहीं?

वाक्य अक्षरशः खरें होतें. घरीं आल्यावर तिसऱ्या आठवड्यांत ती जिन्यावरून पडली. ओठ फुटून रक्त येऊं लागलें. ती रडली नाहीं, तिनें कोणाला हांकही मारली नाहीं. उठून नळापाशीं गेली, ओठ धुतला आणि भिंतीला टेकून बसली. पत्नी धांवत गेली आणि तिनें तिला उचलून घेतलें, तेव्हां तें एवढेंसें अंग लांकडासारखें ताठ झालें. कोणीं जवळ घेतलें कीं तिचे दोन्ही हात बाजूला नुसते लोंबत राहात. रात्रीं ताप चढला तरी ती डोळे उघडे ठेवून निजून राही. पाणी हवें असें म्हणत नसे. पानांत वाढलेलें सर्व खाई, आवडलें किंवा नावडलें हें कधीं सांगत नसे. उशीचा अभ्रा धुवावयास काढला कीं त्यांतून वाळलेले पोळीचे तुकडे निघत. एकदां परीक्षेच्या कामासाठीं मी दहा दिवस नागपुरास गेलों होतों. परतलों तेव्हां तिनें मान वर करून माझ्याकडे पाहिलें, परंतु तें पोस्टमन आला असतां पाहावें तसें.

घरांत येणारीं-जाणारीं माणसें अशा वेळीं गप्प बसत नाहींत. "वहिनी, किती केलं तरी परक्याचं रक्त ते," असें शेजारच्या एका बाई पत्नीला म्हणाल्या. माझी आई तेव्हां ऐंशीच्या घरांत होती. तिनें आंतूनच उत्तर दिलें, "अहो, जोतिबा-सावित्रीबाईंनी काशीबाईचं पोर पोटाशी धरलं, त्याचा डॉक्टर झाला. प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीनं रोग्यांची सेवा केली ती त्यानंच. रक्ताचं काय घेऊन बसलात!" आईचा इतिहास पक्का होता. फुले दांपत्यानें १८७४ सालीं यशवंताला दत्तक घेतलें, आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई गेल्या तेव्हां यशवंत त्याच कामांत होता. रक्ताचा प्रश्न आमच्यापुरता त्या दिवशीं निकालांत निघाला. परंतु मुलीचे लोंबते हात तसेच राहिले.

पुढें एका बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही जाऊं लागलों. त्यांनीं या अवस्थेला 'रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर' असें नांव दिलें. आपण मराठींत तिला 'अनुबंधविकृति' म्हणूं. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारसूचींत हें नांव १९८० सालीं आलें. पुढें २०१३ च्या आवृत्तींत त्याच्या दोन तऱ्हा हे दोन वेगळे विकार मानण्यांत आले. एका तऱ्हेचीं मुलें कोणाच्याही मांडीवर जाऊन बसतात, कोणाही परक्याबरोबर चालूं लागतात; दुसऱ्या तऱ्हेचीं मुलें कितीही लागलें-दुखलें तरी कोणाकडेच जात नाहींत. आमची मुलगी या दुसऱ्या तऱ्हेंतली.

वाचनाची खोड जुनी असल्यामुळें मी या विषयावरचे ग्रंथ चाळूं लागलों. रेने स्पिट्झ यानें १९४५ सालीं दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली होती. एक ठिकाण होतें अनाथ अर्भकांचें गृह, दुसरें स्त्रियांच्या तुरुंगांतील बालकगृह. अनाथगृहांत स्वच्छता चोख होती, अन्नही पुरेसें होतें. परंतु एकेका दाईच्या वाट्याला अनेक मुलें येत. तुरुंगांत ज्याची त्याची आई त्याला सांभाळी. तुरुंगांतलीं मुलें धड वाढलीं. अनाथगृहांतलीं खंगत गेलीं, आणि त्यांतलीं पुष्कळ दगावलीं. पुढें १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत जॉन बोल्बी यानें असें मांडलें कीं, आईची किंवा आईच्या जागीं कायम असलेल्या एकाच व्यक्तीची अखंड माया ही मुलाच्या मनाला अन्नाइतकीच आवश्यक आहे.

परंतु मला खरा उजेड पडला तो बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याच्या निरीक्षणांवरून. इंग्लंडांत त्या काळीं मुलाला इस्पितळांत ठेवलें कीं आईबापांना भेटीची फारशी मुभा नसे. रॉबर्टसननें १९५२ सालीं, इस्पितळांत आठ दिवस राहिलेल्या एका दोन-अडीच वर्षांच्या मुलीचा चित्रपट डॉक्टरांना दाखविला, तेव्हां त्यांच्यांतले कित्येक संतापले. रॉबर्टसनचें म्हणणें असें कीं, आईपासून तुटलेलें मूल तीन पायऱ्या उतरतें. पहिल्या पायरीवर तें आकांत करतें. दुसरीवर तें निराश होऊन मुसमुसतें. तिसरीवर तें शांत होतें, दिलेलें खातें, कोणाकडेही पाहून हंसतें; आणि आई परत आली तर तिच्याकडे पाठ फिरवतें. या तिसऱ्या पायरीलाच इस्पितळांतली मंडळी म्हणत, 'मूल आतां रुळलें, शहाणें झालें.'

तें वाचल्यावर आमच्या कागदपत्रांतल्या त्या वाक्याचा अर्थ मला निराळा दिसूं लागला. रडणें ही एक प्रकारची हांक असते, आणि ऐकणारें कोणी असेल तरच हांकेला अर्थ. पाळी बदलली कीं ज्याच्याभोंवतींचे हात बदलतात, त्या मुलानें शंभर वेळां हांक मारून पाहिलेली असते. एकशेंएकाव्या वेळीं तें गप्प बसतें. हा कृतघ्नपणा नव्हे, तसा स्वभावदोषही नव्हे. अनुभवावरून काढलेला तो एक निष्कर्ष आहे, आणि ज्या परिस्थितींत तो काढला तींत तो बरोबरच होता. आतां परिस्थिति बदलली आहे हें त्या मुलाला शब्दांनीं कसें पटावें? शब्द तर त्यानें पूर्वींही ऐकलेले असतात.

आपल्याकडे दत्तकाची परंपरा जुनी आहे, परंतु ती मोठ्यांच्या गरजेची. पिंड, गादी आणि इस्टेट यांसाठीं मुलगा हवा म्हणून दत्तक. सामान्यतः मुलगी दत्तक घेतां येऊं लागली ती १९५६ च्या कायद्यापासून. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक जाऊन सयाजीराव झाला, ही गोष्ट आपण शाळेंत शिकलों. त्या मुलाला राजवाड्यांत पहिल्या रात्रीं झोंप कशी लागली असेल, हें मात्र आपल्याला कोणीं विचारलें नाहीं. दत्तकाच्या हुकमावर तारीख असते. त्या दिवशीं कायद्यानें आपण आईबाप होतों. परंतु त्या हुकमानें बांधले जातों ते आपण; मुलावर तो बंधनकारक नसतो.

या रोगावर झटपट उपाय सांगणारेही भेटतात. मुलाला बळजबरीनें घट्ट धरून ठेवावें, तें कितीही धडपडलें तरी सोडूं नये, म्हणजे तें 'शरण' येतें, असें एका परिचितानें सुचविलें. डॉक्टरीणबाईंनीं या प्रकाराला स्वच्छ नकार दिला. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत २००० सालीं एका दहा वर्षांच्या दत्तक मुलीचा असल्याच जातीच्या 'उपचारां'त गुदमरून अंत झाला होता. मग बाईंनीं सांगितलें तें इतकें साधें होतें कीं त्याला उपचार म्हणावयाचाही संकोच वाटावा. रोज त्याच माणसानें उठवावें, त्याच माणसानें निजवावें. बाहेर जातांना कोठें जातों आणि केव्हां येऊं हें सांगून जावें. तिनें हांक मारली नाहीं तरी लागलेल्या ठिकाणीं आपण होऊन जावें, फुंकर घालावी. एकटें कोंडण्याची शिक्षा कधींही करूं नये. आणि तिच्या उशाशीं खाऊचा एक डबा ठेवावा, तो कधींही रिकामा असूं नये.

पत्नीनें शाळेंतून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली. सांगितलेलें सर्व ती रोज करीत होती, आणि रोज कांहींच घडत नव्हतें. ज्या दारावर आपण वर्षभर थाप मारतों आणि आंतून ओ येत नाहीं, त्या दाराशीं उभें राहणें ही सोपी गोष्ट नव्हे. एके रात्रीं मुलगी निजल्यावर ती म्हणाली, "अहो, मी तिला आवडत नाही असं नाही. मी उद्या असेन की नाही, हेच तिला अजून ठरवता येत नाहीये." ग्रंथांतून मला जें कळलें होतें, तें तिनें एका वाक्यांत सांगून टाकलें.

दुसऱ्या वर्षीं उशींतले पोळीचे तुकडे कमी झाले. तिसऱ्या वर्षीं दवाखान्यांत सुई पाहतांच तिनें पत्नीच्या पदराचें टोंक मुठींत धरलें. पत्नीनें ती साडी पुढें बरेच दिवस धुवावयास टाकली नाहीं. आणि २०१९ च्या पावसाळ्यांत एक प्रसंग घडला. मी सकाळीं मुंबईस जातांना सहा वाजतां येईन असें सांगून गेलों होतों. घाटांत दरड कोसळल्यामुळें गाडी अडकली, आणि घरीं पोंचावयास नऊ वाजले. पाहतों तों मुलगी भिंतीकडे तोंड करून निजलेली, ताट तसेंच झांकलेलें. मीं हांक मारली, तर तिनें पांघरूण डोक्यावर ओढून घेतलें आणि आंतूनच म्हटलें, "सहा म्हणाला होतास तू."

मी पाऊण तास तिची समजूत घालीत होतों. दरड, पाऊस, गाडी, सर्व कांहीं सांगून पाहिलें. पण तिनें ऐकून घेतलें नाहीं. दाराशीं उभी असलेली पत्नी तोंडाला पदर लावून हंसत होती कीं रडत होती, हें मला कळलें नाहीं. रॉबर्टसनच्या त्या तीन पायऱ्या आमची मुलगी उलट चढून आली होती, आणि सर्वांत वरच्या पायरीवर उभी राहून भांडत होती.

म्हणून सर्व कांहीं सुरळीत झालें असें कोणीं समजूं नये. आज ती चौदा वर्षांची आहे. वर्गशिक्षिका बदलल्या किंवा पाहुण्यांसाठीं तिचा पलंग हलविला, तर आजही दोन-तीन दिवस ती मुकी होते. रुमानियांत १९८९ च्या डिसेंबरांतील राज्यक्रांतीनंतर अनाथगृहांतील असंख्य मुलांची दुर्दशा जगापुढें आली. त्यानंतर २००० सालापासून बुखारेस्ट येथें १३६ मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करण्यांत आला. चिठ्ठ्या टाकून त्यांतलीं निम्मीं मुलें पालक-कुटुंबांत ठेवण्यांत आलीं होतीं. साधारणपणें दोन वर्षांच्या आंत जीं घरांत आलीं, त्यांना अधिक लाभ झाला. त्याच अभ्यासांतून हेंही दिसलें कीं, मिटून बसणाऱ्या मुलांचीं लक्षणें स्थिर कुटुंब मिळाल्यावर पुष्कळच ओसरतात. उशीर महाग पडतो, पण दार कायमचें बंद होत नाहीं, असा त्याचा अर्थ मी घेतों. ज्यांच्या घरीं चार वर्षांनींही ओ आलेली नाहीं असे आईबापही आहेत. त्यांना उपदेशाची नव्हे, जाणत्या माणसाच्या मदतीची आणि शेजाऱ्यांनीं तोंड आवरण्याची गरज आहे.

एवढेंच सुचवावेंसें वाटतें. परिचितांच्या घरीं नवें मूल आलें आणि तें फार शांत, फार शहाणें दिसलें, तर त्याबद्दल त्यांचें अभिनंदन करण्याची घाई करूं नये. आणि वर्षा-दोन वर्षांनीं तें हट्ट करूं लागलें, पाय आपटूं लागलें, तर रक्ताचा विषय काढूं नये. तें मूल घरांत राहावयास आलें तें त्या दिवशीं.

आमच्याकडे अलीकडे रुसव्यांना ऊत आला आहे. भाजी आवडली नाहीं कीं रुसवा, मोबाईल काढून घेतला कीं रुसवा. परवां असाच एक रुसवा चालू असतांना शेजारच्या त्याच बाई आल्या, आणि मान हलवून म्हणाल्या, "वहिनी, फार लाडावून ठेवलीत हो पोरीला." त्यांच्या तोंडून हें वाक्य ऐकण्याची आम्हीं फार वर्षें वाट पाहिली होती.