गुलाबी सोंग

मंडळी, आज जरा वेगळ्याच माणसाबद्दल लिहिते आहे. नाव जॉर्ज मिलर. आजच्या तरुण मुलांना तो 'जोजी' म्हणून माहीत आहे. मंद, उदास गाणी म्हणणारा गायक. माझ्या नातीच्या कानात अभ्यास करतानासुद्धा त्याचीच गाणी चालू असतात. (अभ्यास कसा होतो हे तिलाच ठाऊक.) एकदा कुतूहल म्हणून मीही ऐकलं. 'ग्लिम्प्स ऑफ अस', २०२२ सालचं. पियानो आणि आवाज, बाकी फारसं काही नाही. एका मुलीबरोबर नीट चाललेलं असताना तिच्यातही जुनीच कुणी शोधत राहणाऱ्या माणसाचं गाणं. आपल्या भावगीतांवर वाढलेल्या कानांनाही परकं वाटू नये असं.

मी तसं म्हटल्यावर नात हसायला लागली. म्हणाली, "आजी, हा आधी काय करायचा ते माहितीये का तुला?" आणि तिने एक चित्रफीत लावली. डोक्यापासून पायापर्यंत अंगाला घट्ट बसणारा गुलाबी पोशाख घातलेला एक माणूस वेडेवाकडे आवाज काढत नाचत होता. तोच हा. विश्वासच बसेना. मग नातीकडून आणि नेटवर शोधून जे कळलं, ते फार विचार करायला लावणारं निघालं. म्हणून हा लेख.

मिलरचा जन्म १९९२ सालचा, जपानमधल्या ओसाकाचा. घरात जपानी आणि ऑस्ट्रेलियन असं मिश्र वातावरण. कोबे शहरातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिकला, पुढे अमेरिकेत गेला. गंमत म्हणजे त्याला पहिल्यापासून गाणंच करायचं होतं. त्याकडे लोकांचं लक्ष वेधावं म्हणून तो यूट्यूबवर विनोदी चित्रफिती टाकायला लागला. पण लोकांनी जाहिरात उचलून धरली आणि माल तसाच पडून राहिला!

त्याने एक पात्र उभं केलं, 'फिल्थी फ्रँक'. माणसाने जसं नसावं तसा हा माणूस. घाणेरडा, उद्धट, सगळ्या जातीधर्मांना शिव्या घालणारा. त्याच पात्राच्या दुनियेत हा 'पिंक गाय', म्हणजे गुलाबी माणूस. तो युकुलेले (गिटारचं धाकटं भावंड म्हणा) घेऊन गायचा आणि रॅपही करायचा. रॅपमधली बढाई, शिवीगाळ, फुशारकी इतकी ताणायची की तिचं हसं व्हावं. थोडक्यात विडंबन. जगात असा द्वेष आणि अडाणीपणा आहे, तो किती हास्यास्पद आहे ते दाखवायचं, अशी भूमिका त्याने मांडलीही होती. मी दोन-तीन भाग पाहायला घेतले. एकही शेवटपर्यंत पाहवला नाही. नातवंडांना दाखवा असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण त्याची ताकद पहा. २०१३ च्या सुरुवातीला त्याने आणि मित्रांनी विचित्र पोशाख घालून 'हार्लेम शेक' या बावर नावाच्या संगीतकाराच्या तुकड्यावर काही सेकंद अंग हलवलं. ते पाहून जगभर हजारो लोकांनी, कचेऱ्यांतून, कॉलेजांतून, लष्कराच्या तुकड्यांतूनसुद्धा, तसंच नाचून फिती टाकल्या. नेमकं तेव्हाच अमेरिकेच्या 'बिलबोर्ड'ने आपल्या यादीसाठी यूट्यूबवरचे आकडे धरायला सुरुवात केली होती, आणि ते गाणं थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना मिलरचं नाव माहीत असेल? फारच थोड्यांना.

विडंबनाचं दुखणं मला इथे दिसतं. उपहास करणारा एका बाजूला बोट दाखवतो आणि लोक बोटालाच हसत बसतात. फ्रँक द्वेषाची टर उडवत होता असं आपण मान्य केलं, तरी पाहणाऱ्यांतल्या कितीतरी कोवळ्या मुलांनी त्या शिव्या 'भारी' म्हणूनच उचलल्या असणार. वर्गात इतकी वर्षं काढल्यावर एवढं मी खात्रीने सांगू शकते. मुलं उपरोध शेवटी शिकतात, शब्द आधी.

दुसरं दुखणं सोंग घेणाऱ्याचं. प्रत्येक तुकडीत एक नकल्या असतो. सरांची चाल, मुख्याध्यापकांचं खाकरणं हुबेहूब करणारा. स्नेहसंमेलनात त्याची जागा ठरलेली. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याने एकदा काव्यवाचनात नाव दिलं. तो उभा राहिला आणि त्याने तोंड उघडण्याआधीच सगळा वर्ग हसला. मी सगळ्यांना गप्प केलं, त्याने कविता पूर्ण म्हटली, चांगली म्हटली. पण पुन्हा कधी नाव दिलं नाही.

मिलरचंही असंच. त्याने २०१५ च्या सुमारास 'जोजी' या नावाने खरी, मनापासूनची गाणी गुपचूप टाकायला सुरुवात केली. चाहत्यांना कळू नये म्हणून. कारण त्यांना हवा होता गुलाबी माणूस. पण गुपित फुटलंच. आणि गुलाबी माणूस तर वाढतच चालला होता. २०१७ च्या जानेवारीत त्याचा 'पिंक सीझन' नावाचा पस्तीस गाण्यांचा संग्रह आला आणि चक्क बिलबोर्डच्या मुख्य यादीत ७६ व्या क्रमांकावर पोचला. थट्टा म्हणून केलेली गाणी खऱ्या गायकांच्या रांगेत!

कुणीही म्हटलं असतं, आता हेच चालू ठेव बाबा. त्याने २९ डिसेंबर २०१७ रोजी जाहीर केलं की हे सगळं आता बंद. कारणं दिली ती अशी: मज्जासंस्थेचा विकार, घशाच्या आत झालेली इजा, आणि या कामातली गोडीही उरलेली नाही. वय वर्षं पंचवीस. फ्रँक सतत घोगऱ्या आवाजात ओरडून बोलायचा. घसा जाणं म्हणजे काय ते आम्हा मास्तरमंडळींना वेगळं सांगायला नको. सोंगाचा आवाज काढता काढता स्वतःचा आवाज जायची वेळ आली होती.

योगायोग पहा, त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, जाकार्ताच्या एका अठरा वर्षांच्या मुलानेही आपलं थट्टेचं नाव टाकून दिलं. तोही इंटरनेटवर गंमत म्हणून केलेल्या रॅपमुळे प्रसिद्ध झालेला. जुन्या नावात एका वंशाची टिंगल होती. आता तो रिच ब्रायन या नावाने गातो. मिलर आणि तो, दोघे तेव्हा एकाच कंपनीचे होते, '८८रायझिंग'चे.

आपल्याकडे काय झालं ते आठवतं. 'झेंडूची फुले' लिहून कवींची टोपी उडवणाऱ्या अत्र्यांनीच १९५३ साली 'श्यामची आई' हा चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. हसवणारा माणूस रडवतोय याबद्दल कुणी तक्रार केली नाही. उलट लक्ष्मीकांत बेर्डे. १९९२ च्या 'एक होता विदूषक'मध्ये, पुलंनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात, त्याने जीव ओतून काम केलं. पण लोकांना आपला नेहमीचा लक्ष्याच हवा होता. अत्र्यांचं विडंबन कागदावर होतं, बेर्ड्यांचं हसवणं चेहऱ्यावर. चेहऱ्याचं सोंग लोक सहजी उतरवू देत नाहीत.

मिलरला ते उतरवता आलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला त्याचा 'बॅलड्स १' हा संग्रह बिलबोर्डच्या 'आर अँड बी/हिप-हॉप' यादीत पहिला आला. आशियात जन्मलेल्या एकट्या कलाकाराला हे आधी जमलं नव्हतं. त्यातल्या 'स्लो डान्सिंग इन द डार्क'च्या चित्रफितीत तो पांढऱ्या सुटात, बकऱ्याच्या खुरांनी, पाठीत बाण घेऊन रस्त्यावरून अडखळत जातो. पोशाख इथेही विचित्रच आहे, पण हसू येत नाही.

त्याच्या आधीच्या कामाबद्दल माझं मत बदललेलं नाही. ते मला रुचलं नाही आणि रुचणारही नाही. पण जे लोकांना हवं आहे, ज्यावर पैसा आणि नाव मिळतं आहे, ते आपल्याला पोखरतंय हे ओळखून पंचविसाव्या वर्षी थांबणं सोपं नाही. आपल्या ओळखीत, कुटुंबात, असा एखादा 'हसवणारा' असतोच. लग्नाकार्यात सगळे म्हणतात, अरे, कर ना ती नक्कल! त्याला कधीतरी नुसतं, 'बस, कसा आहेस?' असंही विचारावं. आणि तो गंभीरपणे उत्तर द्यायला लागला, तर आधीच हसू नये.

असो. तुमच्या घरातली मुलं काय ऐकतात, जरूर कळवा.