एकट्या कारागिराचें सॉफ्टवेअर

‘आपल्या शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्या,’ असा संपादक-शिक्षकांचा निरोप आला, तेव्हां मी प्रथम संकोचलों. मी कांहीं साहित्यिक नव्हे. संगणकावर चालणारे प्रोग्राम लिहिणें हा माझा व्यवसाय. आणि तोहि कोणा मोठ्या कंपनींत बसून नव्हे, तर घरच्या एका खोलींत, एकट्यानें. लिहिणारा मीच, तपासणारा मीच, आणि कोणाचें कांहीं बिघडलें म्हणजे फोनवर बोलणीं ऐकून घेणाराहि मीच. परंतु या धंद्यांत मला एकदां जी ठेंच लागली, तिनें चांगलें सॉफ्टवेअर कशास म्हणावें हें मला शिकविलें. तेंच येथें सांगावें असें मनांत आलें.

माझा प्रोग्राम डेस्कटॉपचा, म्हणजे टेबलावरच्या संगणकांतच बसविलेला आणि इंटरनेट नसलें तरीहि चालणारा. लहान वाचनालयांच्या पुस्तकांची व वर्गणीदारांची नोंद ठेवणें, एवढेंच त्याचें काम. एका तालुक्याच्या गांवीं एक वृद्ध ग्रंथपाल होते. त्यांनीं तीन आठवडे रोज दुपारीं बसून जुन्या नोंदवहींतील सुमारें १,१०० पुस्तकें एका बोटानें संगणकांत उतरविलीं. एके दिवशीं सायंकाळीं त्यांनीं ‘जतन करा’ हें बटण दाबलें, आणि त्याच क्षणीं वीज गेली. वीज परत आल्यावर पाहतात तों फाइल रिकामी!

दुसऱ्या दिवशीं पहिल्या एस. टी.नें मी तेथें गेलों. आतां चांगलीं बोलणीं खावीं लागणार, असें वाटत होतें. पण ते इतकेंच म्हणाले, “अहो, वीजच गेली, त्याला तुम्ही तरी काय करणार?” आणि कपाटांतील नोंदवही काढून पुन्हां पहिल्या क्रमांकापासून लिहावयास बसले. ते रागावले असते तर बरें झालें असतें. कारण दोष विजेचा नव्हता. तो माझा होता, आणि त्या खोलींत तें मला एकट्यालाच ठाऊक होतें.

गोष्ट अशी कीं, जतन करतांना माझा प्रोग्राम जुनी फाइल आधीं रिकामी करी आणि मग तींत नवा मजकूर लिहूं लागे. या दोहोंमधील क्षणीं वीज गेली, तर हातीं ना जुनें राही ना नवें. शहाणा मनुष्य नवें घर उभें राहिल्यावांचून जुनें पाडीत नाहीं. खरी रीत म्हणजे नवा मजकूर आधीं वेगळ्या नांवाच्या फाइलींत लिहावा. तो डिस्कवर खरोखर पोंचला याची खात्री करून घ्यावी. आणि मगच त्या फाइलीस जुनीचें नांव द्यावें. एवढ्यासाठीं मला विसांहून अधिक ओळी लिहाव्या लागल्या नसत्या. ही रीत मला ठाऊक होती; पण ‘असें कितीदां होणार?’ म्हणून मीं ती टाळली होती.

थोडा वेळ मी गप्प बसलों. मग धीर करून त्यांना सर्व सांगितलें. त्यांनीं चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मग आतां नीट करा.” तेवढ्या चार शब्दांनीं मला पुढें कित्येक रात्री जागविलें.

चांगल्या सॉफ्टवेअरचें पहिलें लक्षण मी तेव्हांपासून हेंच मानतों, कीं मालकाचें काम त्यानें कधींहि गमावूं नये. रंग, चित्रें आणि नव्या नव्या सोयी हें सर्व त्यानंतरचें.

दुसरें लक्षण त्याच वाचनालयांत सांपडलें. एक दुपार मी ग्रंथपालांच्या मागें खुर्ची टाकून कांहीं न बोलतां बसलों. एखादी नोंद पुसण्यापूर्वीं माझा प्रोग्राम ‘खरोखर पुसावयाची काय?’ असें विचारी, आणि त्या सावधपणाचा मला अभिमान होता. पण ग्रंथपालांस त्या प्रश्नाची इतकी संवय झाली होती कीं, ते न वाचतांच ‘होय’ दाबीत. आणि चुकीची नोंद पुसली गेल्यावर कपाळास हात लावीत! मनुष्य चुकणारच. म्हणून वारंवार प्रश्न विचारण्यापेक्षां, केलेली गोष्ट मागें घेण्याची सोय सदैव ठेवणें अधिक बरें. कंट्रोल व झेड या दोन कळा एकदम दाबल्या कीं पुसलेलें परत यावें. चुकीची भीति गेली म्हणजे हात आपोआप धीट होतो.

तसेंच, कांहीं अडलें तर काय झालें व आतां काय करावें हें सरळ मराठींत सांगावें. माझा प्रोग्राम पूर्वीं ‘त्रुटी क्रमांक १७’ एवढेंच म्हणे. तो क्रमांक मला कळे. ज्यांचें काम अडलें त्यांना त्याचा काय उपयोग?

तिसरें लक्षण असें कीं, ज्याची माहिती त्याच्याच ताब्यांत राहावी. मराठी माणसास हें निराळें समजावून सांगावयास नको. जगांतील लिप्यांना समान संकेत देणारी युनिकोड ही पद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तींत देवनागरी पहिल्यापासून होती. तरीहि त्यानंतर कित्येक वर्षें आपल्याकडे निरनिराळ्या फॉन्टांचे निरनिराळे संकेत चालू राहिले. मजकूर ज्या फॉन्टांत लिहिला तो दुसऱ्या संगणकावर नसला, तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे. कष्टानें लिहिलेल्या याद्या अशा रीतीनें धन्यालाच परक्या झाल्या. म्हणून माझ्या प्रोग्रामांत सर्व नोंदी साध्या युनिकोड मजकुराच्या फाइलींत काढून घेण्याचें बटण पहिल्याच पडद्यावर आहे. ज्याला मला सोडून जावयाचें असेल, त्याला दार उघडें असावें.

चौथें लक्षण संयमाचें. ‘एवढी एक सोय घाला’ अशी मागणी नेहमीं येते, आणि ‘हो’ म्हणणें गोड वाटतें. परंतु प्रत्येक सोय म्हणजे एक वचन होय. तें आज एका दिवसांत देतां येतें, पण पुढें वर्षानुवर्षें पाळावें लागतें. या बाबतींत माझ्या डोळ्यांपुढें एक उदाहरण असतें. माहिती साठविण्याचें ‘एसक्यूलाइट’ नांवाचें सॉफ्टवेअर अमेरिकेंतील रिचर्ड हिप्प यांनीं २००० सालीं निर्माण केलें. आज तें बहुतेक प्रत्येक मोबाइल फोनांत आहे, आणि तरीहि मोजकींच माणसें त्याचा सांभाळ करितात. २००४ सालीं ठरविलेली त्याची फाइलीची रचना आजचें सॉफ्टवेअरहि वाचतें. आणि २०५० सालापर्यंत हा सांभाळ चालविण्याचा त्यांचा जाहीर संकल्प आहे. लहान कारागिरानें मोठेपणा मिळवावयाचा तो असा.

आतां शेवटची गोष्ट. त्या प्रसंगानंतर ग्रंथपालांनीं प्रत्येक नवी नोंद संगणकांत करून शिवाय हातानें वहींतहि लिहिण्याचा परिपाठ ठेविला. मला तें दिसे, पण त्याबद्दल बोलण्याचा अधिकार मीं गमावला होता. सुमारें दोन वर्षांनीं मी पुन्हां गेलों असतां ती वही सहज चाळली. फेब्रुवारीनंतरचीं पानें कोरीं होतीं. मी कांहीं विचारलें नाहीं. त्यांनींहि कांहीं सांगितलें नाहीं.

मला आनंद झाला खरा. पण त्याहून अधिक भीति वाटली. आतां मागें वही नव्हती. होता तो केवळ माझा शब्द. त्या रात्रीं घरीं येऊन, रोज सायंकाळीं सर्व नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आपोआप ठेवण्याची व्यवस्था मीं प्रोग्रामांत केली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें प्रोग्राम लिहितील, कोणी पूल बांधतील, कोणी औषधें देतील. आपण केलेली वस्तु जो वापरतो त्याला तिच्या पोटांतील दोष दिसत नसतो; तो आपल्यावर विसंबून असतो. म्हणून जेथें कोणी पाहणार नाहीं, तेथें त्या वीस ओळी लिहिण्याचा आळस करूं नका.