तिला रंग देऊ नकोस

शिरूर कासार

चि. पिंट्या,

निकी टॉईजची जग्वार घेतलीस, फोटो पाहिला. झकास आहे. पण तिचा जुना रंग खरवडून नवा लाल फवारा मारायचा म्हणतोस, ते तेवढं करू नकोस.

या गाडीचं मूळ घराणं लिव्हरपूलचं. मेकॅनो कंपनी १९३४ पासून डिंकी टॉईज या नावानं गाड्या काढायची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिनं काही जुने साचे कोलकात्याच्या एस. कुमार अँड कंपनीला विकले, आणि डिंकीची निकी झाली! साचे आधीच वापरलेले, म्हणून फिनिशिंग ओबडधोबड. गाडी उलटी कर. काही गाड्यांच्या पोटाखाली जुनं नाव घासून काढल्याची खूण राहिलीय. तुझीला असली तर तिच्यावर रंगाचा थेंबही पडता कामा नये. त्या घासलेल्या जागेसाठीच तर मी अशी गाडी घेईन.

बिनओरखड्याची, डब्यासकट गाडी हवी म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला त्यांचं कौतुक नाही. कोर्गी कंपनीची १९६५ची जेम्स बाँडची अॅस्टन मार्टिन घे. बटण दाबलं की छप्पर उघडून माणूस बाहेर उडतो. हा माणूस एकदाही उडवला नाही, तर ती गाडी कशाला? आपल्याकडची ऊसतोडीला जाणारी पोरं तुटक्या चपलेची चाकं कापून तारेवर गाडी पळवतात. ती कुणी जपून ठेवत नाही, आणि खेळून खेळून संपते तेच बरं.

आता खरा धोका. ओरखड्याला भिऊ नकोस, भेगेला भी. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं, तर पुढे धातू आतून फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक डिंकी अशाच गेल्या. त्यावर औषध नाही. दमट हवेत रोग लवकर वाढतो. तेव्हा मुंबईच्या माळ्यापेक्षा आपल्या सिंदफणा नदीकाठचं कोरडं घर बरं. दुष्काळानं आपलं काही भलं केलं असेल तर एवढंच.

हॉट व्हील्सचं विचारलंस. मॅटेलनं त्या १९६८ साली आणल्या. लिओ नावाच्या, भारतात बनलेल्या हॉट व्हील्स मिळाल्या तर सोडू नकोस. मात्र चाकं बदललेली नाहीत ना, ते आधी बघ.

जग्वार मऊ ब्रशनं झाडून घे, ओल्या फडक्यानं नको. रंगाचा डबा उघडला नसेल तर दुकानदाराला परत दे. आणि पोटाचा फोटो उद्याच पाठव, उजेडात काढलेला.

तुझा,
मामा