दोन हॅडामार्ड आणि एक उणे चिन्ह

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी मंजूर केले आणि अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात निम्म्या टीमला एकदम क्वांटम शिकायची हुक्की आली. मलाही. मुलुंड ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रो, आणि कानात व्याख्यानं. शोर यांचा १९९४ चा अल्गोरिदम, ग्रोव्हर यांचा १९९६ चा, सगळं ऐकून झालं. गर्दीत खिशातला रुमाल काढता येत नाही, तिथे मॅट्रिक्सचा गुणाकार कोण करणार? घरी येऊनही तो केला नाही. तरी जेवणाच्या सुट्टीत ‘क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला बिट, म्हणजे हवेत फिरणारं नाणं’ असं मी ठणकावून सांगत असे.

हे नाणंच अंगाशी आलं. पायथॉन येत होतं, त्यामुळे क्विस्किट ही क्वांटम सर्किटं लिहायची लायब्ररी जड गेली नाही. शून्य अवस्थेतल्या क्यूबिटवर हॅडामार्ड गेट लावून मोजलं: साधारण निम्मे शून्य, निम्मे एक. मग गेट लागोपाठ दोनदा लावलं. नाणं दोनदा उडवलं तरी निकाल निम्मा-निम्माच हवा ना? माझ्याकडे प्रत्येक वेळी शून्य. कोड तपासला, लायब्ररी काढून पुन्हा टाकली. मग दोन गेटांच्या मध्ये एक मोजणी घालून पाहिली, तर निकाल लगेच निम्मा-निम्मा! बग सापडला म्हणून मी खूश. खरं तर बरोबर चाललेलं सर्किट मी माझ्या हाताने बिघडवलं होतं.

शेवटी वही काढली. हॅडामार्डच्या दोन बाय दोन मॅट्रिक्समध्ये उजवीकडे खाली एक उणे चिन्ह असतं. दुसऱ्या गेटनंतर ‘एक’कडे येणारे दोन आकडे, एक अधिक आणि एक उणे, एकमेकांना खाऊन टाकतात, ‘शून्य’कडचे दोन्ही अधिक, त्यांची बेरीज होते. मध्येच मोजलं की ही काटछाट होतच नाही. नाण्याच्या हिशेबात संभाव्यता कधी उणे नसते, मग तिथे हे दिसणार कुठून? ग्रोव्हरचा अल्गोरिदमही याच उण्या चिन्हावर उभा आहे; तो मी नुसताच ऐकला होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये बातमी आली: कुलाब्याच्या टीआयएफआरने आणि डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने मिळून सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘फक्त सहा? माझ्या लॅपटॉपवर पंचवीस चालतात.’ त्याच आठवड्यात फुशारकीने तीस लावून पाहिले आणि आठ जीबीच्या मशिनने मान टाकली. सिम्युलेटरला दर क्यूबिटमागे दुप्पट मेमरी लागते. पंचविसाला अर्धा जीबी, तिसाला सोळा. माझे पंचवीस क्यूबिट म्हणजे रॅममधली आकडेमोड होती. कुलाब्यातले सहा अतिवाहक सर्किटांचे, निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवून चालवलेले.

तोवर ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायची मुदत टळून गेली होती.